‘स्वीडनने काहीच केलं नाही’ हे खरं नाही

कोरोनाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं: स्वीडनने काहीच बंद केलं नाही, म्हणून त्यांची अर्थव्यवस्था वाचली. २०२० पासून फिरणारं हे विधान दोन्ही बाजूंनी लंगडं आहे.

टाळेबंदी नव्हती, हे खरं. पण मार्च २०२० मध्येच पन्नासहून जास्त लोकांच्या जाहीर कार्यक्रमांवर बंदी आली, मोठ्या मुलांचे वर्ग आणि विद्यापीठं ऑनलाइन गेली. १ एप्रिलपासून देशभरच्या वृद्धाश्रमांत भेटायला जाणंही बंद झालं. तरी पहिल्या लाटेतल्या मृतांपैकी जवळपास निम्मे वृद्धाश्रमातलेच. दार बाहेरच्यांना बंद होतं, पण विषाणू कर्मचाऱ्यांबरोबर आत जात होता. त्यातले बरेच जण तासांवर राबणारे, म्हणजे रजा घेतली की पगार बुडाला. मास्क अपुरे, चाचण्या उशिरा. सरकारनेच नेमलेल्या चौकशी आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये वृद्धांना वाचवण्यात देश अपयशी ठरल्याचं स्पष्ट म्हटलं, आणि दोष जुन्या त्रुटींवर व उशिराच्या उपायांवर ठेवला.

आता अर्थव्यवस्था. २०२० च्या दुसऱ्या तिमाहीत स्वीडनचं एकूण उत्पादन (जीडीपी) सुमारे ८ टक्क्यांनी आपटलं. कारखान्यांना युरोपातून सुटे भाग मिळेनात, निर्यात थंडावली. आपली दुकानं उघडी ठेवून ते थोडंच थांबणार? कडक निर्बंध लावणाऱ्या डेन्मार्क-नॉर्वेपेक्षा त्या वर्षी स्वीडनची स्थिती काही सरस नव्हती. आणि सावरायला सरकारी तिजोरीही लागली: कमी तास काम करणाऱ्यांच्या पगाराचा मोठा वाटा सरकारने उचलला.

पुढच्या वर्षांत स्वीडनमध्ये नेहमीपेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंचं प्रमाण युरोपात तुलनेने कमी राहिलं, हेही सांगायलाच हवं.