काँक्रीटचं व्हायब्रेशन

ताजं ओतलेलं काँक्रीट घट्ट होण्याआधी थरथरवून त्यात कोंडलेली हवा बाहेर काढायची प्रक्रिया. साइटवर याला 'व्हायब्रेटर मारणं' म्हणतात. नुसतं ओतलेल्या काँक्रीटमध्ये साधारण 5 ते 20 टक्के हवा अडकलेली असते. 5 टक्के पोकळी राहिली तरी ताकद 30 टक्क्यांपर्यंत घटू शकते, हा आकडा काँक्रीटच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत सापडतो.

सुरुवात कोणी केली यावर मतं वेगवेगळी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काँक्रीट कोरडंच असायचं आणि ते थराथराने धुम्मसने ठोकत, पण सळ्यांचं काँक्रीट आल्यावर दाट जाळीत धुम्मस चालेना, मग पाणी वाढवून ते पातळ करायची सवय लागली आणि ताकद गेली. अमेरिकन संशोधक डफ अब्राम्सने 1918 मध्ये पाणी-सिमेंटचं प्रमाण आणि ताकद यांचा संबंध मांडला तेव्हा पातळ मिश्रणाची किंमत नीट कळली. यंत्राने काँक्रीट थरथरवण्याचं श्रेय बहुधा फ्रेंच इंजिनिअर यूजीन फ्रेसिनेला देतात, साल 1917 च्या सुमाराचं सांगतात. पण तो साचाच हलवत होता, आज स्लॅबवर दिसते ती काँक्रीटच्या आत बुडणारी नीडल, म्हणजे थरथरणारी दांडी, नंतरची, 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धातली, आणि ती देन्यो या दुसऱ्या फ्रेंच माणसाच्या नावावर लावतात. म्हणजे 'व्हायब्रेटरचा जनक कोण' याचं उत्तर कुठलं यंत्र धरता यावर आहे. तरी फ्रेसिनेचं पारडं जड वाटतं, कारण त्याने 1928 मध्ये पेटंट घेतलेल्या प्रीस्ट्रेसिंगला (पोलादी तारा ताणून काँक्रीट आधीच दाबात ठेवणं) कमी पाण्याचं, भक्कम काँक्रीट लागतंच.

थरथरीने नेमकं होतं काय, तर खडी-वाळूच्या कणांमधलं घर्षण जवळपास संपतं. लर्मिट आणि तुर्नों या संशोधकांच्या 1948 च्या मोजणीत ते 0.2 बार (दाबाचं एकक) वरून 0.01 बारपर्यंत उतरलं. आधी मिश्रण खाली बसतं आणि शटरिंगच्या, म्हणजे साच्याच्या, कोपऱ्यात, सळ्यांभोवती शिरतं, मग बुडबुडे वर येतात. हा दुसरा टप्पा सावकाश होतो, तरी पृष्ठभाग सपाट दिसला की नीडल उचलायची घाई तिथेच होते.

नीडल उभी आणि झटकन घालायची, खालच्या थरात 15 सेंमी तरी जाऊ द्यायची म्हणजे दोन थरांमध्ये सांधा राहत नाही, 5 ते 15 सेकंद ठेवायची आणि सेकंदाला 7-8 सेंमी अशा बेताने वर ओढायची. 30 ते 65 मिमी जाडीच्या नीडलचा प्रभाव आजूबाजूला साधारण 13 ते 25 सेंमी पोचतो, दोन जागांमधलं अंतर त्याच्या दीडपट. सेकंद मोजत बसण्यापेक्षा कान बरा: नीडल आत गेली की आवाज आधी दबतो, मग चढतो, आणि एकसारखा झाला की काम झालं. नीडल आडवी धरून काँक्रीट पुढे ढकलणं ही आपल्याकडची जुनी खोड, त्याने खडी मागे राहते आणि नुसती लापशी पुढे जाते.

नीडल सळीला लागली तर काँक्रीटची सळीवरची पकड सुटते का? आपल्याकडे सुपरवायझर यावरून ओरडतातच. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शनाप्रमाणे मात्र काँक्रीट अजून मऊ असेल तर नुकसान होत नाही, आणि हेच जास्त पटतं, अर्धवट घट्ट झालेल्या थरातल्या सळ्या हलवणं ही वेगळी गोष्ट. पुन्हा व्हायब्रेट करण्याचंही तसंच: चालू नीडल स्वतःच्या वजनाने आत बुडते आहे तोवर हरकत नाही, उलट सळ्यांखालचं साचलेलं पाणी निघून पकड सुधारते.

कमी मारलं तर हनीकोम्बिंग, म्हणजे शटरिंग काढल्यावर उघडी पडलेली खडी. त्यावर घाईघाईने प्लास्टर चोपडतात, त्याने फक्त डोळ्यांचं समाधान होतं. जास्त मारण्याचा धोका खरा असतो तो पातळ मिश्रणात, तिथे खडी खाली बसते. आयएस 456:2000 या भारतीय मानकात कमी आणि जास्त दोन्ही घातक सांगितलंय, आणि नीडलच्या वापरासाठी आयएस 3558 आहे.

साच्याला बाहेरून लावायचे व्हायब्रेटर, टेबल व्हायब्रेटर हे मुख्यतः प्रीकास्ट, म्हणजे तयार भाग ओतून पाठवणाऱ्या, कारखान्यातले. महाराष्ट्रातल्या घाटघरच्या धरणांचं काँक्रीट रोलर-कॉम्पॅक्टेड होतं, त्याला नीडल चालत नाही, व्हायब्रेटरी रोलर फिरवतात. 1980 च्या दशकात जपानमध्ये ओकामुरा आणि सहकाऱ्यांनी स्वतःच बसणारं काँक्रीट तयार केलं, त्याला व्हायब्रेटर लागतच नाही.