सोसायटीतली मांजरं: वाटी भरण्याआधी हजेरी घ्या

कुठल्याही जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी चक्कर मारा, एखाद्या स्कूटरच्या सीटवर एक, पंपरूमच्या पत्र्यावर दोन, वॉचमनच्या खुर्चीखाली एक असं मांजरांचं बिऱ्हाड दिसणारच. कोणीतरी काकू डबा घेऊन खाली येतात, कोणीतरी गॅलरीतून ओरडतं की यांच्यामुळेच घाण होते, आणि मिटिंगमध्ये दर वेळी तोच विषय. पण या सगळ्या भांडणात एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही, की मांजरं आहेत तरी किती, त्यातल्या माद्या किती आणि नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या किती? खाऊ घालणाऱ्याला विचारलं तर "असतील सातआठ", तक्रार करणाऱ्याला विचारलं तर "पन्नास तरी आहेत". माझं म्हणणं एवढंच की मांजरं सांभाळायची तर पहिलं काम हजेरीचं, खाणं त्यानंतर. का ते सांगते.

मांजर एकलकोंडं असतं असं आपण ऐकत आलोय आणि ते अर्धंच खरं आहे. आपल्या घरच्या मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं आफ्रिकन रानमांजर, हे २००७ च्या एका मोठ्या डीएनए अभ्यासातून पक्कं झालं. ते खरंच एकटं फिरतं. पण माणसानं शेती सुरू केली, धान्य साठवलं, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं, आणि एका जागी भरपूर खाणं मिळायला लागल्यावर एकमेकांना सहन करायला शिकलं. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलंय ते साधारण ९५०० वर्षांपूर्वीचं, म्हणजे ही ओळख जुनी आहे. आजही मांजरांची कॉलनी, म्हणजे एका जागी एकत्र राहणारा गट, कुठे बनेल हे खाणंच ठरवतं. कचराकुंडी, मासळीवाली बसते तो कोपरा, हॉटेलची मागची बाजू, नाहीतर काकूंचा डबा.

आणि ही कॉलनी म्हणजे नुसती गर्दी नसते. तिचा कणा माद्यांचा: आई, तिच्या मुली, मावश्या. एकमेकींची पिल्लं चाटतात, एकमेकींच्या पिल्लांना दूधही पाजतात. बोके मोठे होतात तसे बाहेर पडतात आणि त्यांचा फिरण्याचा पट्टा माद्यांपेक्षा कितीतरी मोठा असतो, म्हणून तो एक गालफुगा, कान फाटलेला बोका आठवड्यातून दोनदाच दिसतो, तो शेजारच्या तीन सोसायट्यांतही "आमचाच" असतो. हजेरीत त्याला धरायचं का? धरायचं, पण वेगळ्या रकान्यात.

आता हिशेबाची गोष्ट. मांजरी चारपाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, म्हणजे आपण जिला अजून पिल्लू म्हणतोय तीच. गर्भकाळ ६३ ते ६५ दिवस. त्यात मांजरीत बीज आपोआप महिन्याच्या महिन्याला सुटत नाही, बोक्याशी संबंध आला की त्या उत्तेजनानेच बहुतेक वेळा सुटतं, त्यामुळे नेम सहसा चुकत नाही. एकाच वेतात वेगवेगळ्या बोक्यांची पिल्लं असू शकतात, आणि अंगावर पिल्लं पीत असतानाही ती परत गाभण राहू शकते. थंड देशात हिवाळ्यातला छोटा दिवस या सगळ्याला ब्रेक लावतो कारण मांजरीचं चक्र दिवसाच्या लांबीवर चालतं, आपल्याकडे दिवस तेवढा लहान होतच नाही, त्यामुळे पिल्लं जवळपास वर्षभर दिसतात. म्हणजे नुसतं खाणं घालत राहिलात आणि एक मादी हजेरीतून सुटली तर वर्षभरात सगळी बेरीज परत पहिल्या पानावर.

मग ओळखायचं कसं? सगळी भुरीच दिसतात हो, असं लोक म्हणतात. रंगच मदत करतो. केशरी रंग ठरवणारा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो. बोक्याकडे एक्स एकच, त्यामुळे एकच केशरी प्रत मिळाली की तो पूर्ण केशरी. मादीकडे दोन एक्स, पूर्ण केशरी व्हायला दोन्ही तसे लागतात, म्हणून केशरी मांजरांमध्ये बोकेच जास्त. आणि एका एक्सवर केशरी, दुसऱ्यावर काळा असेल तर? मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद केला जातो, कुठला ते गर्भातच रँडम ठरतं, त्यामुळे अंगावर काळे केशरी ठिपके मिसळून येतात. म्हणजे तिरंगी किंवा काळं-केशरी मांजर दिसलं की शेपटी उचलून बघायची गरज नाही, ती जवळजवळ नक्की मादीच, बोका निघणं फारच दुर्मिळ. हा जीन नेमका कोणता हे कोडं कितीतरी दशकं तसंच होतं, २०२५ साली जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी ते सोडवलं: एक्सवरचा डीएनएच्या सुमारे ५ हजार अक्षरांचा एक तुकडा गळालेला असतो. आपल्या पार्किंगमध्ये लोळत पडलेला केशऱ्या हे सगळं अंगावर घेऊन फिरतो.

दुसरी खूण कान. नसबंदीच्या वेळी, भूल असतानाच, एका कानाचं टोक सरळ कापतात, बहुतेक ठिकाणी डाव्या. दिसायला क्रूर वाटतं, पण लांबून, न पकडता कळतं की हिचं झालंय, दुसऱ्यांदा पकडून पोट उघडायची वेळ येत नाही. मोबाईलमध्ये प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी फोटो, नाव, मादी की बोका, कान कापलाय की नाही, शेवटचं कधी दिसलं. बास, एवढंच रजिस्टर. ते असलं की खाणं घालण्यालाही अर्थ येतो, कारण ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी खाणं ठेवलं की सगळी हजर होतात, अर्ध्या तासात वाट्या उचलायच्या (उरलेल्यावर मुंग्या, कावळे, घुशी येतात आणि मग तक्रार रास्त असते), आणि जो आला नाही त्याचं काहीतरी बिघडलंय हे त्याच दिवशी कळतं. मांजर आजार लपवतं. जेवायला न येणं हेच बऱ्याचदा पहिलं लक्षण.

खाण्याबद्दल थोडं, कारण इथे प्रेमाने भरपूर चुका होतात. मांजर पक्कं मांसाहारी आहे. गोड चव कळणारा जीनच त्याच्यात मोडका आहे (२००५ साली कळलं), म्हणजे बिस्किटाचा गोडवा त्याला कळतच नाही. टॉरिन नावाचा पदार्थ माणसाचं शरीर स्वतः बनवतं, मांजराला तो पुरेसा बनवता येत नाही, मांसातूनच मिळवावा लागतो, आणि कमी पडला तर डोळ्याचा पडदा आणि हृदयाचे स्नायू खराब होतात. १९८७ साली हे हृदयाचं प्रकरण उघड झालं आणि त्यानंतर कॅटफूडमध्ये टॉरिन वाढवलं गेलं. म्हणून दूध-पोळीवर वाढलेलं मांजर पोट भरूनही उपाशी, आणि मोठ्या मांजरांना दूध सहसा पचतही नाही, जुलाब होतात ते वेगळंच. डॉगफूड स्वस्त पडतं म्हणून कायम तेच घालू नका, कारण तेच. चिकन उकडलं तर पाण्यासकट द्या, टॉरिन पाण्यात उतरतं. काही कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व तोडणारं एन्झाइम असतं, शिजवलं की ते निकामी होतं, म्हणून बांगड्याची डोकी आणलीत तर एक उकळी काढा, मीठ मसाला न घालता. आणि रात्रीच्या रश्श्यातलं चिकन तर नकोच, कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो.

"अहो पण मांजरं आहेत म्हणून उंदीर नाहीत" हे वाक्य फीडर लोक, म्हणजे खाऊ घालणारे, मिटिंगमध्ये हमखास टाकतात. मी नाही टाकत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका कचरा प्रकल्पात कॅमेरे लावून ७९ दिवस पाहिलं गेलं, तिथे मोठे उंदीरही होते आणि मोकाट मांजरंही. मारण्याचे प्रयत्न झाले ३, यशस्वी २. मांजर दिसलं की उंदीर लपून चालत होते इतकंच, म्हणून लोकांना ते कमी झाल्यासारखे वाटत होते. लहान उंदीर, पाली, पक्षी हे मांजराला सोपं पडतं, आपल्या गटारातली घूस नाही. आणि पक्ष्यांचं नुकसान ही खरी गोष्ट आहे, अमेरिकेत मांजरं दर वर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात असा २०१३ चा अंदाज आहे, त्यात मोठा वाटा बिनमालकाच्या मांजरांचा. तेव्हा खाडीकाठी, तळ्याकाठी, पक्षी घरटी करतात तिथे वाट्या ठेवणं मला तरी पटत नाही, आणि संख्या कमी व्हावी ही इच्छा मांजरप्रेमींचीच आधी असायला हवी.

कमी होते का मग? होते, पण अर्धवट कामाने नाही. फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाच्या आवारात १९९१ पासून पकडून, नसबंदी करून परत सोडण्याचं काम चाललं, ११ वर्षांत एकूण १५५ मांजरांची नोंद झाली, त्यातली जवळपास निम्मी माणसाळलेली म्हणून घरी दिली गेली आणि २००२ मध्ये आवारात २३ उरली. हे जमलं कारण नोंद होती, नवीन आलेलं लगेच पकडलं जात होतं. उलट रोममध्ये, जिथे कायद्याने मांजरांच्या कॉलनीला संरक्षण आहे आणि हजारो नसबंद्या झाल्या, तिथे १०३ कॉलनींच्या अभ्यासात संख्या घटली खरी, पण बाहेरून येणारी आणि लोकांनी आणून टाकलेली मांजरं इतकी होती, साधारण २१ टक्के, की बरंचसं काम त्यातच खाल्लं गेलं. गणिती मॉडेलं सांगतात की ७० टक्क्यांहून जास्त मांजरांची नसबंदी झाली तरच संख्या उतरते. म्हणजे दहातल्या चार केल्या आणि फोटो टाकला, याने मनाचं समाधान होतं, कॉलनीला काही फरक पडत नाही. पैसे आणि पिंजरे मोजकेच असतील तर आधी माद्या, आणि एकाच सोसायटीचं काम पूर्ण संपवून मगच पुढची.

बोक्यांचंही करायचंच, त्याचं कारण बहुतेक रहिवाशांच्या नाकाशी आहे. बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधक असलेलं द्रव्य असतं, नर हार्मोनमुळे ते भरपूर बनतं, आणि ते तुटून तो ओळखीचा उग्र वास येतो. नसबंदी झाली की फवारे आणि वास दोन्ही बरेच उतरतात, रात्रीची रडारड आणि मारामाऱ्याही. मात्र ऑपरेशननंतर काही आठवडे बोका पिल्लं घालू शकतो, त्यामुळे "करूनही फरक नाही" म्हणायची घाई नको.

पकडण्याच्या आदल्या रात्री खाणं बंद, हे सगळ्या फीडरना सांगून ठेवा, नाहीतर एक काकू दया येऊन गुपचूप वाटी ठेवतात आणि पोट भरलेलं मांजर पिंजऱ्याकडे बघतही नाही, वर भुलीतही धोका. पिंजरा बंद झाला की लगेच चादर टाका, अंधारात मांजर शांत होतं. ओली बाळंतीण सापडली तर तिला अडकवू नका, पिल्लं दीड-दोन महिन्यांची झाली की मग. आणि पायरीखाली एकटी पिल्लं दिसली की लगेच उचलायची नाहीत, आई बहुतेक वेळा शिकारीला गेलेली असते किंवा जागा बदलताना एकेक करून नेत असते. लांबून दोनचार तास बघा. हां, अंग गार पडलंय, भर पावसात भिजतायत, मुंग्या लागल्यात, तर मात्र थांबू नका. घर शोधायचं असेल तर माणसाची सवय लागायचं वय साधारण २ ते ७ आठवडे, ते गेलं की कष्ट वाढतात.

आजारांत मला सगळ्यात भीती पॅनल्युकोपेनिया या व्हायरसच्या आजाराची. उलट्या, जुलाब, एकदम मलूल, आणि लस न घेतलेली पिल्लं भराभर जातात. हा व्हायरस जमिनीवर वर्षभरही टिकू शकतो, फिनेलला दाद देत नाही, ब्लीच लागतं, आणि फिनेलमधली फिनॉल मांजराला स्वतःच विषारी. कारण मांजराच्या यकृतात अशी द्रव्यं निकामी करणारा एक जीन बंद पडलेला आहे. त्याच कारणाने पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारू शकते. ताप वाटला म्हणून क्रोसिनचा तुकडा दुधात, असं कोणी करत असेल तर हात धरून थांबवा. पॅनल्युकोपेनिया आणि सर्दीच्या दोन व्हायरसची एकत्र लस मिळते, रेबीजची वेगळी, दोन्ही नसबंदीच्या वेळीच विचारून घ्या. मांजर चावलं तर साबण-पाण्याने १५ मिनिटं धुऊन डॉक्टरकडे, पाळीव आहे की रस्त्यावरचं हा वाद नंतर.

सोसायटीत कोणी गरोदर असलं की टॉक्सोप्लाझ्माचं, म्हणजे पोटातल्या बाळाला इजा करू शकणाऱ्या एका परजीवीचं, नाव निघतं. तो परजीवी मांजराच्या शीतून येतो हे खरं, पण मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडे तो बाहेर टाकतं, आणि तो लागण करण्याजोगा व्हायला १ ते ५ दिवस जातात. म्हणून वाळूचा कोपरा रोज साफ करणं, गरोदर बाईने ते काम न करणं, माती हाताळल्यावर हात धुणं, भाज्या धुणं, मांस नीट शिजवणं, एवढं केलं की धोका खूप कमी होतो.

राहिला कमिटीचा प्रश्न. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आवारातल्या बिनमालकाच्या प्राण्यांच्या खाण्याची व्यवस्था लावण्याची जबाबदारी सोसायटीवरच टाकलीय, आणि उपाशी मरेल अशा ठिकाणी प्राणी टाकून देणं १९६० च्या कायद्याने क्रूरतेत मोडतं. पण मिटिंगमध्ये कायद्याच्या आधी रजिस्टर काढा. मार्चमध्ये अकरा, नऊ झाल्या, दोन बाकी, या सहा महिन्यांत एकही पिल्लू नाही, असा कागद समोर ठेवला की सेक्रेटरी काकांचाही सूर बदलतो, कधीकधी नसबंदीच्या खर्चाला सोसायटीच्या फंडातून काहीतरी निघतंसुद्धा. आणि गेटवर वॉचमनला फोटोंची प्रिंट देऊन ठेवा, यात नसलेलं, कान न कापलेलं मांजर दिसलं किंवा कोणी पिशवीतून काही सोडताना दिसलं तर लगेच फोन करायचा.