दीड मिलिसेकंदाच्या आत सापडलेले ग्रह

मे महिन्यात रात्री दहा-साडेदहाला पुण्याहून जवळजवळ डोक्यावर पाहिलं, तर पश्चिमेच्या बाजूला सिंहाच्या शेपटीतली उत्तरा फाल्गुनी दिसते आणि पूर्वेला नारिंगी स्वाती. या दोघींना जोडणाऱ्या रेषेचा मध्य धरायचा आणि तिथून दक्षिणेला सुमारे पाच अंश सरकायचं, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मधल्या तीन बोटांइतकं. त्या जागी डोळ्यांना काहीही दिसत नाही. तिथे सुमारे २,३०० प्रकाशवर्षांवर पीएसआर बी १२५७+१२ नावाचा पल्सार, म्हणजे ठरावीक तालात रेडिओ ठोके देणारा तारा आहे आणि त्याच्याभोवती तीन ग्रह फिरतात. सूर्यमालेबाहेरचे पहिले पक्के ग्रह ते हेच. अलेक्झांडर वोल्शचान आणि डेल फ्रेल या खगोलशास्त्रज्ञांनी त्यातले दोन जानेवारी १९९२ मध्ये जाहीर केले.

हा मान बहुतेक ठिकाणी १९९५ च्या ५१ पेगासीच्या ग्रहाला दिला जातो. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला म्हणून तो मान ठीकच आहे, पण मोजमापाची कसोटी पाहिली तर पल्सारचं काम कितीतरी नाजूक होतं. ५१ पेगासी हा तारा ग्रहाच्या ओढीने सेकंदाला सुमारे ५६ मीटर वेगाने मागेपुढे होतो. बी १२५७+१२ मात्र ६६.५ दिवसांच्या ग्रहामुळे सेकंदाला जेमतेम ४३ सेंटिमीटर सरकतो. सारसबागेत रमतगमत फेरी मारणारे आजोबासुद्धा त्याच्यापेक्षा जोरात चालतात.

इतका संथ वेग कळतो कसा? इथे वेग मोजतच नाहीत, मोजतात ती वेळ. पल्सार म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमान वीसेक किलोमीटर व्यासात कोंबलेला न्यूट्रॉन तारा. त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून निघणारा रेडिओ झोत दर फेरीला पृथ्वीवरून गेला की एक ठोका मिळतो. बी १२५७+१२ चा ठोका दर ६.२२ मिलिसेकंदांनी येतो, म्हणजे सेकंदाला जवळपास १६१ वेळा. ग्रहाच्या ओढीने पल्सार आपल्यापासून थोडा लांब गेला की ठोका उशिरा पोहोचतो, जवळ आला की लवकर. ६६.५ आणि ९८.२ दिवसांच्या दोन मोठ्या ग्रहांमुळे हा फरक अनुक्रमे १.३ आणि १.४ मिलिसेकंद इतका पडतो. प्रकाश तेवढ्या वेळात चारशेएक किलोमीटर जातो. २,३०० प्रकाशवर्षांवरचा तारा चारशे किलोमीटर हलला, हे आपल्याला इथे बसून कळतं.

एकेक ठोका मात्र इतका क्षीण असतो की गोंगाटात हरवतो. म्हणून निरीक्षणाचे ६.२२ मिलिसेकंदांचे तुकडे करून ते एकावर एक रचतात. अर्ध्या तासात सुमारे २ लाख ८९ हजार ठोके जमतात. गोंगाटाच्या तुलनेत संकेत याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे ५३८ पट उठून दिसतो. पण तुकडे अचूक लांबीचे हवेत. आवर्तकाल एका नॅनोसेकंदाने चुकला, तर अर्ध्या तासात ठोका ०.२९ मिलिसेकंद सरकून थोडा फराटतो. दहा नॅनोसेकंदांची चूक झाली, तर तो जवळपास अर्धं आवर्तन सरकतो आणि सगळं सपाट होऊन जातं.

दुसरी अडचण वाटेतली. ताऱ्यांमधल्या जागेत विरळ इलेक्ट्रॉन असतात आणि ते कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरींना जास्त रोखून धरतात. हा उशीर फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. वाटेत एकूण किती इलेक्ट्रॉन लागले याच्या मापाला डिस्पर्शन मेझर, थोडक्यात डीएम म्हणतात. या पल्सारचा डीएम १०.१७ आहे. समजा, नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर ३०० ते ५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हा पल्सार ऐकला. पट्ट्याच्या खालच्या टोकाचा ठोका वरच्या टोकाच्या मागाहून ३०० मिलिसेकंदांनी येतो. तेवढ्यात पल्सारच्या ४८ फेऱ्या झालेल्या असतात! पट्टा सरळ बेरजेत घेतला तर हाती काही लागत नाही. १,०२४ भाग करून प्रत्येक भाग आपापल्या उशिराइतका मागे सरकवला तरी ३०० मेगाहर्ट्झजवळ एकेका भागाच्या आत ०.६ मिलिसेकंदांची पसरण उरते. ठोक्याच्या आवर्तनाचा हा दहावा भाग. म्हणून अशा वेगवान पल्सारसाठी मूळ लहरीच साठवून, त्यांच्या कलेवर (फेजवर) गणिती प्रक्रिया करून उशीर उलटा फिरवावा लागतो. त्याला संगणकाची ताकद भरपूर लागते, पण पर्याय नाही.

याच उशिराचा एक फायदाही आहे. जमिनीवरचा गोंगाट सगळ्या फ्रिक्वेन्सींवर एकदमच येतो, त्याचा डीएम शून्य. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने नवे पल्सार शोधताना २० आणि १० मिलिसेकंदांचे ‘पल्सार’ हमखास सापडतात. डीएम पाहिला की ते विजेच्या तारांचे निघतात. खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांचे संकेत एकत्र जुळवतानाही सांभाळावं लागतं. चौदा अँटेना मधल्या एक किलोमीटरच्या चौकात आहेत आणि सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर, एकमेकांपासून २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, म्हणजे आयनांबरात, उलथापालथ झाली की लांबच्या अँटेनांचा ताल आधी सुटतो. सूर्यास्तानंतर हा त्रास वाढतो. त्यामुळे निरीक्षण मध्येच थांबवून एखाद्या ठळक रेडिओस्रोतावर पुन्हा जुळवणी करावी लागते.

इतकं करून ठोक्यांच्या वेळा हातात आल्या, तरी त्यात ग्रह दिसत नाहीत. दिसते ती पृथ्वी. आपण सूर्याभोवती फिरतो, त्यामुळे ठोके वर्षभरात ८ मिनिटं १९ सेकंदांपर्यंत मागेपुढे होतात. पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याने आणखी २० मिलिसेकंद. सूर्य तरी स्थिर आहे का? एकटा गुरू त्याला सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यापासून ७ लाख ४० हजार किलोमीटर बाजूला ओढतो, म्हणजे अडीच सेकंद. शनीचे सव्वा सेकंदाहून थोडे जास्त. पृथ्वी सूर्याजवळ येते-लांब जाते तसं आपलं घड्याळही सापेक्षतेमुळे वर्षभरात १.६६ मिलिसेकंद मागेपुढे होतं. हा एकच परिणाम दोन्ही ग्रहांच्या परिणामांपेक्षा मोठा आहे. शिवाय अधूनमधून घातलेले लीप सेकंद आहेत. शेवटचा १ जानेवारी २०१७ ला आपल्याकडे पहाटे साडेपाचला घातला गेला. तो विसरला, तर सगळ्या वेळा अख्ख्या सेकंदाने सरकतात. ही सगळी वजाबाकी झाल्यावर उरलेल्या बाकीत ग्रह शोधायचे.

वजाबाकीत सगळ्यात जास्त घात करते ती पल्सारची जागा. आकाशातली जागा एका विकलेने (अंशाच्या ३,६०० व्या भागाने) चुकली, तर बाकीत २.४ मिलिसेकंदांची वर्षभराची लाट उमटते, ग्रहांच्या लाटेपेक्षा मोठी. १९९१ मध्ये हेच झालं. इंग्लंडच्या जॉड्रेल बँक वेधशाळेच्या गटाने पीएसआर बी १८२९-१० या पल्सारभोवती सहा महिन्यांत फेरी मारणारा ग्रह जाहीर केला. जागा चुकीची धरलेली होती आणि सुरुवातीच्या आकडेमोडीत पृथ्वीची कक्षा वर्तुळ मानली होती. जागा दुरुस्त करताना वर्षाची लाट जिरली, पण कक्षा लंबवर्तुळ असल्यामुळे येणारी सहा महिन्यांची बारीक लाट मागे राहिली आणि तिलाच ग्रह समजलं गेलं. बरोबर अर्ध्या वर्षाचा कालावधी पाहून शंका यायला हवी होती, असं आज म्हणणं सोपं आहे. जानेवारी १९९२ मध्ये त्या गटाच्या अँड्र्यू लाइन यांनी अटलांटाला भरलेल्या खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत स्वतः दावा मागे घेतला आणि सभेने उभं राहून टाळ्या वाजवल्या.

त्याच सभेत पुढे वोल्शचान बोलले. पण त्यांच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. ६६.५ आणि ९८.२ दिवस या कालावधींचा वर्षाशी काही संबंध नव्हता, आणि फ्रेल यांनी पल्सारची जागा न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए दुर्बिणींनी स्वतंत्रपणे मोजली होती. ठोक्यांच्या वेळांवरून काढलेली जागा त्या मोजमापाशी जुळली. खरी पावती १९९४ मध्ये मिळाली. दोन्ही कालावधींचं गुणोत्तर ३:२ च्या जवळ असल्याने ग्रहांनी एकमेकांना ओढून कक्षा किंचित बदलायला हव्यात, असं भाकीत आधीच झालं होतं. तेवढाच बदल बाकीत सापडला. कोणत्याही घड्याळाची किंवा जागेची चूक अशी नक्कल करू शकत नाही.

तिसरा ग्रहही १९९४ चाच. २५ दिवसांत फेरी मारणारा, वस्तुमान पृथ्वीच्या फक्त ०.०२ पट, म्हणजे आपल्या चंद्राच्या दीडपटीहून किंचित जास्त. त्याच्यामुळे वेळेत पडणारा फरक तीन मायक्रोसेकंदांचा, पल्सार एक किलोमीटरही हलत नाही. इथे मात्र शंका रास्त होती, कारण सूर्यही २५ दिवसांच्या आसपास स्वतःभोवती फिरतो. सौरवाऱ्यातले इलेक्ट्रॉन त्या तालात दाट-विरळ झाले, तर पल्सारचे ठोके त्याच तालात उशिरा येतील. तपासण्याची युक्ती वर आलेलीच आहे: इलेक्ट्रॉनांमुळे होणारा उशीर ४३० मेगाहर्ट्झवर १,४०० पेक्षा दहापटीहून जास्त हवा, ग्रहामुळे होणारा उशीर दोन्हीकडे सारखाच. २००० मध्ये दोन्ही फ्रिक्वेन्सींवरची मोजमापं ताडून पाहिली, ती सारखी आली आणि ग्रह टिकला.

खोडदला भारतीय पल्सार टायमिंग अ‍ॅरेचे शास्त्रज्ञ आज याच युक्तीने काम करतात. अँटेनांचे गट पाडून एकाच पल्सारकडे एकाच वेळी ३००-५०० आणि १,२६०-१,४६० मेगाहर्ट्झवर पाहतात आणि दर निरीक्षणाचा डीएम वेगळा काढतात. जून २०२३ मध्ये युरोपीय गटाबरोबर त्यांनी अतिशय कमी फ्रिक्वेन्सीच्या गुरुत्वीय लहरींची चाहूल जाहीर केली, त्यात २५ पल्सारच्या वेळा वापरल्या होत्या. तिथे शोधायचा फरक तीन मायक्रोसेकंदांहूनही खूप लहान असतो, आणि गुरूच्या कक्षेतली छोटीशी चूकसुद्धा गुरुत्वीय लहरीसारखी दिसू शकते.