सोपान-नोंदवही: टिक नको, तारीख लिहा

स्काऊट मास्टर, गाइड कॅप्टन आणि पथकाचं काम ज्यांच्या अंगावर आलंय त्या सर्व सर-मॅडमसाठी

सोपान म्हणजे स्काऊट-गाइडच्या प्रशिक्षणातले टप्पे, आणि कोणत्या मुलाने कोणता टप्पा कधी पार केला ते लिहायची वही म्हणजे सोपान-नोंदवही. आमच्या नौपाड्यातल्या दुकानातून ती घेतलीत की हे पत्रक सोबत मिळतं. वही भरणं अवघड नाही. पण पहिल्या महिन्यात झालेली चूक दोन वर्षांनी, जिल्ह्याच्या चाचणीला मुलांची नावं पाठवायच्या आदल्या रात्री वर येते. तेव्हा पेन उघडण्याआधी पाच मिनिटं द्या.

एका पानावर ३२ ओळी आहेत. पथकात ३२ हून जास्त मुलं घेत नाहीत, त्यामुळे अख्खं पथक एका पानावर मावतं. दर आठ ओळींखाली जाड रेघ आहे, ती संघासाठी, म्हणजे पथकातल्या छोट्या गटासाठी. संघात सहाच मुलं असतील तर खालच्या दोन ओळी कोऱ्या सोडा, वर्षाच्या मध्ये कोणी ना कोणी येतंच. कबची, म्हणजे स्काऊटहून लहान मुलांची वही वेगळी: तिच्यात २४ ओळी, आणि टप्प्यांना सोपानांच्या जागी चरण हे नाव.

रकाने डावीकडून उजवीकडे असे आहेत: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार. सुरुवातीचं काम तुमच्या पथकातच होतं. तिथे वहीत काय लिहिलंय हे फारसं कोणी विचारत नाही. पुढच्या टप्प्यांवर चाचणी घेणारे लोक बाहेरचे असतात आणि ते तारखा विचारतात. राज्य पुरस्काराच्या प्रमाणपत्रावर राज्यपालांची आणि शेवटच्यावर राष्ट्रपतींची सही असते, त्यामुळे तिथे 'साधारण दिवाळीच्या आसपास' चालत नाही.

म्हणूनच आमचा आग्रह तारखेचा आहे. एक सोपान झाल्यावर पुढच्यासाठी ठरावीक महिने काम केलेलं असावं लागतं, आणि ते महिने मागच्या सोपानाच्या तारखेपासून मोजले जातात. टिक केली तर काम झालं एवढंच कळतं, कधी झालं ते कळत नाही. दीक्षाविधीची, म्हणजे मुलाने वचन घेऊन रीतसर पथकात दाखल होण्याची तारीख तर सगळ्यात आधी लिहा, कारण पुढची सगळी मोजणी तिच्यावर उभी असते. प्रत्येक सोपानाखाली 'किमान महिने' असा छोटा चौकोन आहे, तो आम्ही मुद्दाम कोरा ठेवलाय. अभ्यासक्रमात सुधारणा झाली की छापलेला आकडा खोटा ठरतो. सध्याच्या पुस्तिकेतला आकडा तिथे पेन्सिलीने लिहा.

आता गाठींबद्दल, कारण खरा घोळ तिथे होतो. प्रथम सोपानात सहा गाठी आहेत: रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, शीपशँक, फिशरमन्स नॉट आणि बोलाइन. आमच्या पहिल्या छपाईत 'गाठी' असा एकच रकाना होता. व्हायचं काय, की मुलाला पाच गाठी जमायच्या, बोलाइन अडायची. 'पुढच्या शनिवारी दाखव' असं सांगून सर पुढच्या मुलाकडे वळायचे. पुढच्या शनिवारी पाऊस, त्याच्या पुढच्या शनिवारी घटक चाचणी. रकाना अर्धा भरता येत नाही, म्हणून तो कोरा तरी राहायचा, नाहीतर दयेपोटी भरला जायचा. चूक आमच्या रकान्याची होती. आता सहा गाठींना सहा घरं आहेत. घरात तारीख आणि ज्यांनी गाठ पाहिली त्यांची आद्याक्षरं, दोन्ही लिहा. संघनायकाने शिकवलं आणि तुम्ही तपासलं, तर अक्षरं तुमची.

मोठी वही शाळेबाहेर नेऊ नका. ठाण्याच्या जुलैत शाईचं काय होतं ते आम्ही सांगायला नको. बाहेर जाताना सोबतचं खिशातलं कार्ड न्या, त्यावर बॉलपेनने लिहा आणि त्याच संध्याकाळी वहीत उतरवा. सोमवारवर ढकललंत तर शनिवारचं निम्मं आठवत नाही. आणखी एक, वहीशी संबंध नसलेलं: द्वितीय सोपानात दोनच काड्यांत आग पेटवायची असते. त्यासाठी बरेच जण येऊरला जायचा बेत करतात. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे आग पेटवायची नाही. हे काम शाळेच्या मैदानातच उरका. येऊर चालण्यासाठी आणि खुणा ओळखण्यासाठी ठेवा.

ज्यांनी संगणकावरची शीटही घेतलीय त्यांच्यासाठी. नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आहे तसंच लिहा. वर्गातलं हाकेचं नाव नको, घरचं तर नकोच. इंग्रजी स्पेलिंगही तिथूनच घ्या. अथर्वच्या शेवटी 'ए' आहे की नाही, यावरून प्रमाणपत्र दुरुस्तीला परत जातं. मराठी नावं युनिकोडमध्येच टंकलिहा. जुन्या डीटीपी फॉन्टमधली यादी तुमच्या संगणकावर छान दिसते आणि समोरच्याकडे नुसती चिन्हं पोचतात.

तारखेचा एक सापळा आहे. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर ५/६ म्हणजे पाच जून नव्हे, सहा मे. तुम्ही लिहिता जून, तो धरतो मे, आणि मुलाचा एक महिना फुकट वाढतो. १५/६ लिहिलंत तर पंधरावा महिना त्याला सापडत नाही, मग तो तारखेला साधा मजकूर समजतो. ओळखायची खूण सोपी: खरी तारीख घराच्या उजव्या कडेला बसते, मजकूर डावीकडे चिकटतो. आमच्या शीटमध्ये महिना अक्षरांत दिसतो, ती मांडणी बदलू नका. पुढच्या सोपानाची सगळ्यात लवकरची तारीख शीट स्वतः काढते. पिवळं झालेलं घर म्हणजे 'महिने पुरे झाले' एवढंच. मुलगा तयार आहे की नाही, हे तुम्हीच ठरवायचं.

भिंतीवर लावायच्या तक्त्यावर फक्त नाव, संघ आणि सोपान असू द्या. तिथे मुलांची आपसात चुरस लागते, ते चांगलंच आहे. जन्मतारीख आणि पालकांचा फोन वहीतच राहू दे. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अख्ख्या पानाचा फोटो टाकू नका, ज्याची त्याची ओळ ज्याच्या त्याच्या पालकांना कळवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील सगळी मुलं येतात आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. संमतीपत्राचा नमुना वहीच्या शेवटच्या खिशात आहे.

सरांची बदली झाली तर वही शाळेकडेच राहते. शेवटच्या पानावर 'दिली-घेतली'ची जागा आहे, तिथे दोघांनी सह्या करा. मूल शाळा बदलत असेल तर त्याच्या ओळीची नक्कल मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी त्याच्या हातात द्या. नाहीतर घोडबंदर रोडच्या नव्या शाळेत त्याला पुन्हा प्रवेशापासून सुरुवात करावी लागते.

वही भरली की जुनी घेऊन दुकानात या. चालू मुलांच्या ओळी नव्या वहीत आम्ही उतरवून देतो, त्याचे पैसे घेत नाही. उतरवलेलं एकदा तुमच्या डोळ्यांखालून घाला. जूनमध्ये दुकानात वह्या-पुस्तकांची झुंबड असते, तेव्हा जमलं तर मे संपायच्या आत या.