तुटके बोल्ट काढणे (जुन्या ट्रकच्या दुरुस्तीत)

ट्रकच्या इंजिनात, गिअरबॉक्समध्ये किंवा चासीत डोके तुटून आत राहिलेला बोल्ट वा स्टड (बिनडोक्याचा, दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट), भोकातील मूळ आटे शाबूत ठेवून बाहेर काढण्याचे काम. सातारा व सांगली जिल्ह्यांत टाटा-मर्सिडीज (सहकार्य करार १९५४–६९), अशोक लेलँड कॉमेट, हिंदुस्तान मोटर्सचे बेडफर्ड आणि प्रीमियरचे डॉज-फार्गो या गाड्यांच्या दुरुस्तीत ते वारंवार करावे लागते. गळीत हंगामाआधी, पावसाळाभर उभी राहिलेली गाडी उघडताना तर ते हमखास येते.

बोल्ट अडकण्याचे मुख्य कारण गंज. तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधली फट भरून बोल्ट आतूनच आवळला जातो. महाबळेश्वर-कोयना पट्ट्यातील पाऊस आणि कृष्णाकाठचे पूर (२००५, २०१९) यांचा यात मोठा वाटा आहे. गाळाचे पाणी हब, ब्रेक ड्रम आणि पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) यू-बोल्टमध्ये शिरून राहते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळाचे) स्टड मात्र पाण्यापेक्षा सततच्या तापण्या-निवण्याने जळून कमकुवत होतात.

आट्यांची ओळख : हत्यार उचलण्यापूर्वी आटे कोणत्या पद्धतीचे आहेत हे ठरवावे लागते. जुन्या ब्रिटिश बनावटीत व्हिटवर्थ आटे (सामान्यतः १८४१ पासूनचे धरले जातात) आणि त्यांचेच बारीक रूप, बीएसएफ (१९०८), आढळतात. अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांच्यातील १९४८ च्या समझोत्यानंतर युनिफाइड आटे (जाड यूएनसी व बारीक यूएनएफ) आले. मर्सिडीज घराण्यातील इंजिनांचे आटे मेट्रिक आहेत. व्हिटवर्थ व बीएसएफ आट्याचा कोन ५५ अंश, युनिफाइड व मेट्रिकचा ६० अंश. ३/८ इंची व्हिटवर्थ आणि यूएनसी या दोहोंना इंचाला १६ आटे असल्याने ते एकमेकांत बसल्यासारखे वाटतात; पण १/२ इंचीत व्हिटवर्थला १२ आणि यूएनसीला १३ आटे असतात. ३/८ इंची बारीक आट्यांतही बीएसएफला २० व यूएनएफला २४ असा फरक आहे. सर्वांत घातक गफलत ५/१६ इंच (७.९४ मिमी) आणि ८ मिमी यांच्यात होते. व्यास जवळजवळ सारखा, पण मेट्रिकचा अंतराल (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) १.२५ मिमी आणि व्हिटवर्थचा सुमारे १.४१ मिमी. पान्याने रेटून बसवलेला असा बोल्ट दोन-तीन फेऱ्यांनंतर अडतो आणि पुढच्या खेपेला तुटतो. १९५० च्या दशकातील ब्रिटिश गाड्यांत एकाच वाहनात दोन पद्धती सापडत असल्याने, बनावटीच्या वर्षावरून अंदाज बांधण्यापेक्षा शेजारचा शाबूत बोल्ट काढून त्याला आटे-गेज लावणे अधिक विश्वसनीय ठरते. डोक्यावर जोडलेल्या तीन वर्तुळांची खूण असल्यास तो ब्रिटिश युनिफाइड बोल्ट होय.

बेडफर्ड, डॉज यांसारख्या अनेक जुन्या ट्रकांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड उलट आट्यांचे असतात. हे न पाहता जोर लावल्याने तुटलेल्या स्टडांची संख्या गंजाने तुटलेल्यांहून कमी नसावी.

उष्णतेविषयी मतभेद : तेल आधी की आच, यावर कारागिरांत एकमत नाही. रॉकेल व डिझेल सर्वत्र वापरतात. अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचे तेल समप्रमाणात मिसळूनही चांगले भिनते, मात्र ते प्रत्येक वेळी हलवून घ्यावे आणि ज्योतीजवळ आणू नये. आच कोठे द्यावी याबद्दल दोन पक्ष आहेत. एका मते भोकाभोवतीचा भाग तापवावा, म्हणजे भोक रुंदावते. दुसऱ्या मते बोल्टच लाल करावा. तो भोकाच्या भिंतीवर फुगून गंज चिरडतो आणि निवताना आक्रसून सुटतो. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ब्लॉकसाठी दुसरा मार्ग अधिक सुरक्षित दिसतो, कारण एकाच जागी जोरात तापवलेले बीड तडकते. निवत असताना आट्यांवर मेणबत्ती टेकवल्यास मेण आत ओढले जाते. त्यानंतर बोल्ट एकदम न फिरवता थोडा उलट, थोडा सुलट असा हलवावा.

नट वेल्ड करणे : तुकडा पृष्ठभागाशी समतल किंवा थोडा खाली असला तरी ही पद्धत चालते. त्यावर वॉशर, वॉशरवर नट ठेवून नटाच्या आतून तुकड्याच्या मध्यावर वेल्ड भरतात. बिडाला वेल्ड सहजी धरत नसल्याने आटे बहुधा वाचतात. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढावी. तापलेला लाल नट लगेच फिरवल्यास वेल्ड तुटतो. काळा पडू द्यावा आणि गरम असतानाच हळूहळू हलवावा.

ड्रिल करणे : तुकडा कानशीने सपाट करून नेमक्या मध्यावर सेंटर पंच मारतात. सगळे यश या एका खुणेवर अवलंबून असते. १० मिमी बोल्टात ड्रिल एक मिमी जरी सरकले तरी ते एका बाजूने आटे कापते. आधी ३ मिमी, मग ५ मिमी आणि शेवटी टॅपच्या (आटे पाडण्याच्या हत्याराच्या) मापाचे ड्रिल घालतात : ८ मिमी (अंतराल १.२५) बोल्टासाठी ६.८, १० मिमी (१.५) साठी ८.५ आणि १२ मिमी (१.७५) साठी १०.२ मिमी. उरलेली आट्यांची गुंडाळी अणकुचीदार सळईने ओढून काढता येते. उलट फिरणारे ड्रिल मिळाल्यास पुष्कळदा तुकडा ड्रिल करतानाच बाहेर येतो. निमुळता, वळसेदार एक्स्ट्रॅक्टर (ड्रिल केलेल्या भोकात उलटा फिरवून तुकडा काढण्याचे हत्यार) मात्र शेवटी वापरावा. तो पातळ उरलेल्या भिंतीला फुगवून भोकात आणखी घट्ट करतो आणि आत तुटला तर त्याच्या कठीण पोलादावर साधे ड्रिल चालत नाही. मग कार्बाइड ड्रिल किंवा स्पार्क इरोझन (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणे) एवढेच मार्ग उरतात.

अ‍ॅल्युमिनियमच्या भागात (उदा. थर्मोस्टॅटचे घर) अडकलेला पोलादी तुकडा तुरटीच्या गरम, दाट द्रावणात भाग बुडवून विरघळवता येतो. काम संथ असते, आणि त्या भागावर दुसरे लोखंड राहता कामा नये.

नंतरची कामे : आटे टॅपने साफ करतात, गेले असल्यास तारेचा इन्सर्ट (नव्या आट्यांची गुंडाळी) किंवा बुश बसवतात. किर्लोस्करवाडी (१९१०) आणि साताऱ्यातील कूपर कारखाना (१९२२) यांपासून या भागात ओतकाम व लेथकाम रुजलेले असल्याने, बाजारात न मिळणारा स्टड करून घेणे येथे फारसे अवघड नाही. मॅनिफोल्डच्या स्टडला तांबेमिश्रित ग्रीस लावतात. असे ग्रीस लावल्यावर कोरड्या आट्यांसाठी सांगितलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) कमी करावा लागतो, नाहीतर बोल्ट ताणला जातो. काही इंजिनांत स्टडचे भोक पाण्याच्या जागेत उघडते, तेथे आट्यांना सीलंट लागते. बंद भोकात तेल वा पाणी साचलेले राहिल्यास बोल्ट आवळताना त्या दाबाने बीड फुटू शकते. म्हणून नवा बोल्ट बसवण्यापूर्वी भोक हवेने पूर्ण कोरडे करतात.