लिस्बनची नोंद: नागरिकत्व की नुसता कागद?

‘अमक्याने पोर्तुगीज पासपोर्ट केला’ हे वाक्य गोव्यात आता कुणाचं लग्न ठरल्याच्या बातमीइतकं सहज बोललं जातं. वाद आहे तो त्याच्या आधीच्या पायरीवर, पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला होणाऱ्या जन्मनोंदीवर. ही नोंद म्हणजे परक्या देशाचं नागरिकत्व घेणं, की होतं तेच कागदावर आणणं?

पोर्तुगीज राजवटीचा साडेचारशे वर्षांचा इतिहास इथे फारसा उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतं १९५१ साल. वसाहती सोडण्याचा दबाव वाढला तशी लिस्बनने गोवा, दमण, दीवची ‘वसाहत’ ही ओळख पुसून त्यांना ‘सागरपार प्रांत’ करून टाकलं. निव्वळ शब्दांची चलाखी! संयुक्त राष्ट्रांनी १९६० मध्ये ती मानली नाही. पण चलाखीलाही वारस असतात. इथला माणूस पोर्तुगालच्याच भूमीवर जन्मला, हे त्यांच्या लेखी कायम राहिलं.

१९ डिसेंबर १९६१ ला सत्ता गेली. २८ मार्च १९६२ च्या आदेशाने भारताने इथल्या लोकांना भारतीय नागरिक मानलं. पोर्तुगीज राहायचं असेल त्याने महिन्याभरात लेखी कळवायचं. एका पाद्रींनी तसं कळवलं. राहण्याच्या परवान्याची मुदत संपली तरी ते गोव्यातच राहिले, खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ते हरले. पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मानलं ते तिथली हुकूमशाही कोसळल्यावर, ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने. जमिनीवरचा दावा सुटला, माणसांवरचा नाही: १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना नोंदीची वाट मोकळी राहिली.

आता गाठ कुठे बसते पाहा. पोर्तुगाल म्हणतं, हा माणूस आमचाच होता, आम्ही फक्त नोंद करतो. भारत म्हणतो, १९६२ पासून तो भारतीय आहे, आता स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलं तर आमचं आपोआप संपतं. सगळा खेळ ‘स्वेच्छेने’ या एका शब्दावर. परदेशी पासपोर्ट काढला की भारतीय नियम तो निर्णायक पुरावा धरतात. नुसत्या नोंदीचं तसं नाही, आणि माझ्या मते तिला पासपोर्टाच्या पंक्तीला बसवणं अन्यायाचं आहे.

नोंद तरी सोपी कुठे? जुना दाखला वळणदार पोर्तुगीज हस्ताक्षरातला. त्यात प्रभूंचा ‘पोरोबो’ आणि कामतांचा ‘कामोतिम’ झालेला. शाळेच्या दाखल्यावर मात्र प्रभू आणि कामत. दोघे एकच, हे सिद्ध करण्यात महिने जातात. आधी वडिलांची नोंद, मग मुलाची. एजंटांचा धंदा या आडनावांवरच चालतो.

एवढी यातायात लिस्बनच्या ओढीने फारसं कुणी करत नव्हतं. पोर्तुगाल आणि ब्रिटन दोन्ही युरोपीय संघात होते, म्हणून त्या पासपोर्टावर ब्रिटनमध्ये काम मिळत होतं. म्हणून तर तिथल्या स्विंडन शहरात गोंयकारांची वस्ती उभी राहिली. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर (ब्रेक्झिट), २०२१ पासून, नव्याने जाणाऱ्यांसाठी ते दार बंद झालं. इकडे, माहिती दडवल्याचा ठपका ठेवून भारतीय पासपोर्ट रद्द झालेल्यांना ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते) लागणारं, भारतीय पासपोर्ट परत केल्याचं प्रमाणपत्र मिळेना. २०२४ मध्ये केंद्राने रद्द केल्याचा आदेशच त्या जागी चालेल असं ठरवलं. ही सोय पासपोर्ट काढलेल्यांची. नोंद करून थांबलेले अजून मतदार यादीत आहेत, आणि त्यांच्यातला कुणी उमेदवारी अर्ज भरतो तेव्हा लिस्बनचा तो कागद पुन्हा टेबलावर येतो.