गाडीने काय पाहिलं, हे सांगणार कोण?

गाळप हंगाम सुरू झाला की सोलापूर-पुणे हायवेवर रात्री गाडी हाकणारा आपसूक सावध होतो. पुढच्या अंधारात उसाचा ट्रॅक्टर असू शकतो: मागे दोन ट्रॉल्या, दिवा नाही, रिफ्लेक्टर पाचटाखाली गेलेला. त्यात एक्सल मोडला तर तो लेनमध्येच उभा. आता सोलापूरच्या शोरूममध्येही ‘ॲडास’वाल्या, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा असलेल्या गाड्या मिळतात. त्या पुढच्या गाडीपासून अंतर राखतात, लेन सुटली तर स्टिअरिंग ओढतात, वेळ आली तर ब्रेकही मारतात. पण ही उभी ट्रॉली त्यांना दिसते का?

हमखास दिसेलच, असं नाही. या गाड्यांमधलं रडार रेडिओ लहरी सोडतं आणि परतलेल्या लहरींच्या बदललेल्या कंप्रतेवरून समोरची वस्तू किती वेगाने जवळ येतेय ते ओळखतं. चालती गाडी त्यात सहज वेगळी पडते. उभी ट्रॉली, दुभाजकाचं रेलिंग, गावाच्या नावाची पाटी मात्र सगळी एकाच वेगाने जवळ येतात. प्रत्येक पाटीला ब्रेक लागला तर मागचा ट्रक येऊन आदळेल, म्हणून अनेक प्रणालींमध्ये वेगात असताना रडारवरच्या स्थिर खुणांकडे दुर्लक्ष केलं जातं. मग भिस्त कॅमेऱ्यावर. त्यामागचं सॉफ्टवेअर असंख्य चित्रं पाहून ‘वाहन’ ओळखायला शिकतं, आणि मागून पाहिलं तर उसाची ट्रॉली म्हणजे चाकांवर निघालेला फडच. नवी रडारं बरीच सुधारली आहेत, तरी उभी वाहनं ओळखली न जाण्याचा इशारा अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. (मॅन्युअल कोण वाचतं, हा भाग वेगळा.)

18 मार्च 2018 रोजी अमेरिकेतल्या टेम्पी शहरात उबरच्या स्वतः चालणाऱ्या चाचणी गाडीने, सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेचा जीव घेतला. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासातून निघालेली माहिती अस्वस्थ करणारी आहे. गाडीला ती धडकेच्या 5.6 सेकंद आधीच दिसली होती. पण प्रणाली तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी ‘इतर’ ठरवत राहिली आणि दर वेळी ठरवणं बदललं की तिची आधीची वाटचाल विसरली. झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्त्यात येईल, हे प्रणालीच्या हिशेबातच नव्हतं. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर चालत जाणारी गर्दी अशा गाडीने काय म्हणून ओळखली असती?

कंपनीवर फौजदारी गुन्हा होत नाही, असं सरकारी वकिलांनी 2019 मध्ये ठरवलं. खटला भरला गेला तो गाडीत देखरेखीला बसलेल्या चालक महिलेवर.

माझ्या मते त्याहून मोठा धक्का 2 ऑक्टोबर 2023 चा. सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या एका गाडीने उडवलेली पादचारी महिला क्रूझ कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीपुढे पडली. टॅक्सी धडकून थांबली आणि मग कडेला जाण्यासाठी पुन्हा निघाली, महिलेला सुमारे 20 फूट फरफटत घेऊन. हे फरफटणं कंपनीने सरकारला दिलेल्या अहवालातून गाळलं. तपासावर प्रभाव टाकण्यासाठी खोटा अहवाल दिल्याचं कंपनीने 2024 मध्ये मान्य केलं. दंड 5 लाख डॉलर. त्याच वर्षाअखेर क्रूझची मालक कंपनी जनरल मोटर्सने या टॅक्सी प्रकल्पाचा पैसा बंद केला.

चुका माणूसही करतो. भारतातल्या रस्त्यांवर 2023 मध्ये 1.7 लाखांहून अधिक लोक गेले, तेही संगणकाच्या हातून नव्हे. पण माणसाच्या अपघातात पंचनामा होतो, साक्षीदार असतात, टायरच्या खुणा असतात. इथे गाडीने काय पाहिलं आणि काय ठरवलं याचा मुख्य पुरावा कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे ज्याच्यावर संशय त्याच्याच कपाटात. यंत्र शंभर टक्के अचूक नसेल तरी लोक ते चालवून घेतील. ही व्यवस्था घेणार नाहीत.

ब्रिटनने 2024 च्या कायद्यात यावर एक उत्तर दिलंय: मान्यताप्राप्त गाडी स्वतः चालत असताना ती कशी चालली याचा जाब आत बसलेल्याला नाही, तिच्यासाठी जबाबदार धरलेल्या कंपनीला विचारायचा. आपल्याकडच्या ॲडास गाड्या मात्र दुसऱ्या पातळीच्या, म्हणजे फक्त मदतनीस. जाहिरातीत हात स्टिअरिंगवरून सुटलेले दिसले, तरी पोलीस ठाण्यात नाव लागतं ते चालकाचंच. म्हणून शोरूममध्ये मायलेजनंतर लगेच विचारा: अपघात झाला तर गाडीतली नोंद कोण काढणार, आणि तिची प्रत मला मिळणार का? उत्तर लेखी मागा.